नोड, लारावेल की जँगो? आडत दुकानाच्या गादीवरून बघू

वेब अ‍ॅपच्या खर्चाबद्दलच्या व्हिडिओत सर्व्हरचा मुद्दा मी दोन वाक्यांत उरकला होता. तो इथे जरा निवांत बघू.

समजा, जवळा बाजारच्या मोंढ्यात तुमचं आडत दुकान आहे. तुम्हाला असं सॉफ्टवेअर पाहिजे, की काट्यावरच्या पोरानं मोबाईलवर हळदीचं वजन टाकलं की गादीवर तुमच्या लॅपटॉपवर लगेच दिसावं. हमाली-तोलाई धरून पट्टी तयार व्हावी, शेतकऱ्यानं घेतलेली उचल त्यातून वजा व्हावी. पान सारखं नव्यानं लोड होऊ नये, व्हॉट्सअ‍ॅप वेबसारखं जागच्या जागी बदलावं. तुम्ही तिघांकडून कोटेशन मागवलं. एक म्हणतो नोड, दुसरा लारावेल, तिसरा जँगो. दरात दुपटीचा फरक. आता करायचं काय?

आधी एक लक्षात घ्या. स्क्रीनवर जे काही हलतं-बदलतं, ते ब्राउझरमधलं जावास्क्रिप्ट करतं. ते तिन्ही कोटेशनमध्ये सारखंच असणार. सर्व्हरचं काम मुनिमाचं: नोंद तपासायची, वहीत चढवायची, मागितली की दाखवायची, आणि अधिकार नसलेल्याला वहीला हात लावू द्यायचा नाही.

लारावेल पीएचपीवर चालतं, आणि पीएचपी १९९५ पासून आहे. हा मुनीम प्रत्येक गिऱ्हाईकासाठी नव्यानं बसतो आणि काम झालं की उठतो. त्यामुळे एका कामातला गोंधळ सहसा दुसऱ्यात जात नाही, आणि स्वस्तातल्या होस्टिंगवरही त्याचं भागतं. "पीएचपी जुनं झालं" असं कुणी म्हणालं तर सांगा, विकिपीडिया त्याच्यावरच चालतो. नोड आलं २००९ मध्ये. त्याचा मुनीम एकटाच, पण कान चौफेर! एकाच वेळी शेकडो जणांशी जोडणी उघडी ठेवतो, म्हणून क्षणोक्षणी बदलणारे भाव दाखवायला तो चांगला. मात्र त्यालाच वर्षाचा मोठा हिशोब करायला बसवलं, तर बाकीचे सगळे ताटकळतात. जँगो पायथनमधलं. त्यात नोंदी बघायचा-दुरुस्त करायचा अ‍ॅडमिन पडदा तयार मिळतो, तेवढं काम वाचतं.

पण खरं सांगू का? तुमच्या दुकानात एका वेळी पाच-सहा जण अ‍ॅप वापरणार. एवढ्याला तिन्ही पुरून उरतात. वेगाच्या नावाखाली कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

पैसा बुडतो तो दुसरीकडे. ऐन हंगामात पोरानं वजन टाकून 'सेव्ह' दाबलं आणि तेवढ्यात नेटवर्क गेलं. नोंद सर्व्हरवर पोचली, पण "पोचली" हे उत्तर परत आलं नाही. पोरानं पुन्हा दाबलं. झाल्या दोन पट्ट्या! शेतकऱ्याची १०,००० रुपयांची उचल २०,००० कापली गेली. तो माणूस पुढच्या वर्षी तुमच्या दारात माल टाकेल का?

यावर उपाय आहे, आणि तो तिन्ही प्लॅटफॉर्मवर जमतो. प्रत्येक नोंदीला मोबाईलमध्येच एक वेगळा क्रमांक पडला पाहिजे, आणि पुन्हा दाबलं तरी तोच क्रमांक गेला पाहिजे. तो आधीच वहीत असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनीच परत दाखवेल. शिवाय पट्टी आणि उचलीची वजावट एकत्रच नोंदली गेली पाहिजे, नाहीतर दोन्ही रद्द. डेटाबेसच्या भाषेत याला ट्रान्झॅक्शन म्हणतात. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस, दोन्हींत ही सोय आहे.

मग निवड कशावरून? दुरुस्तीला कोण येणार, यावरून. आज करून देणारा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर त्याचं काम हातात घेणारा दुसरा हिंगोली, परभणी किंवा नांदेडमध्ये मिळतो का, हे दोन-चार फोन करून आधी बघा. ज्या प्लॅटफॉर्मची माणसं सापडतील तो घ्या. सगळीकडे सारखीच सापडली, तर अशा हिशोबी कामाला मी लारावेल किंवा जँगो म्हणेन. लिलावाचे भाव वीस व्यापाऱ्यांना एकाच क्षणी दाखवायचे असतील, तर नोड. होस्टिंग, डोमेन आणि सोर्स कोड तिन्ही तुमच्या नावावर असले पाहिजेत, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

आणि सगळं नव्यानं बांधायलाच पाहिजे असंही नाही. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं सॉफ्टवेअर, पायथनमध्ये लिहिलेलं. कोड खुला आहे, परवान्याचे पैसे लागत नाहीत. खरेदी-विक्री, साठा, खातेवही त्यात तयार आहे. आडतीची पट्टी मात्र वेगळी बसवून घ्यावी लागेल. ते बसवण्याचा खर्च काढा आणि तिन्ही कोटेशनच्या शेजारी ठेवा.

शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. वजन टाकायचं, 'सेव्ह' दाबायचं आणि त्याच क्षणी मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकायचा. मग नेट चालू करून तीनदा 'सेव्ह' दाबायचं. पट्टी एकच निघाली आणि उचल एकदाच कापली गेली, तर पैसे द्या.