शेतातला तुकडा आणि सॉफ्टवेअरमागची माणसे

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका प्रयोगशाळेतून प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 साली भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी केली. पुढे बरानगरला गेलेल्या या संस्थेने बंगालभरच्या तागाची लागवड नमुना-पाहणीने मोजून दाखवली. पिकाचा उतारा काढायला तिची माणसे शेतात काही फूट त्रिज्येचे वर्तुळ आखत आणि तेवढेच पीक कापत. त्यामुळे थोड्या खर्चात पुष्कळ शेते बघून होत.

या पद्धतीवर हरकत घेतली ती सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. लंडनहून परतल्यावर त्यांनी काही काळ कोलकात्याच्या अखिल भारतीय आरोग्य संस्थेत शिकवले होते. 1946 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडले की छोट्या तुकड्यावर घेतलेला उतारा फुगतो. तुकडा लहान झाला की क्षेत्रफळाच्या मानाने कडा वाढते, आणि कडेवरचे रोप मोजणारा बहुधा आतच धरतो. माणसे नीट तयार केली तर ही चूक नगण्य राहते, असे महालनोबिस यांचे म्हणणे. शिवाय एकाच भागाची पाहणी दोन स्वतंत्र पथकांकडून करवून ताळा घेण्याची रीत त्यांचीच. शेते कितीही वाढवली तरी ही चूक आपोआप जात नाही, म्हणून हा वाद मला आजही मोलाचा वाटतो.

आज असेच मोजमाप मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे चालते. कुणीही वापरावे, उघडून बघावे, सुधारावे असे हे सॉफ्टवेअर बँकांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे आहे. ते टिकेल का हे बघताना लोक प्रथम किती जणांनी पसंतीचा स्टार दिला आणि किती वेळा डाउनलोड झाले ते पाहतात. हे आकडे सहज हाती लागतात आणि हमखास फुगलेले असतात. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधला ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा ते जगभरच्या संकेतस्थळांचे व्यवहार सांभाळत होते. त्याच्यासाठी पूर्णवेळ राबणारा माणूस एकच होता, आणि देणग्या वर्षाला सुमारे 2000 डॉलर. वापर अफाट होता. सांभाळणारे हात मात्र कुणी मोजलेच नव्हते.

ही उणीव भरायला लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 2017 साली ‘केऑस’ प्रकल्प सुरू झाला. त्यातली काही मापे मला फार शहाणी वाटतात. प्रकल्पाचे निम्मे काम कमीत कमी किती माणसे करतात? निम्मे काम किती कंपन्यांच्या पगारावर चालते? नव्याने आलेल्याला पहिले उत्तर मिळायला किती वेळ लागतो? हे तिसरे माप महत्त्वाचे, कारण उद्याचा सांभाळणारा नव्याने आलेल्यांतूनच घडतो, आणि उत्तर मिळाले नाही की तो मुकाट्याने निघून जातो.

पहिली दोन मापे आपल्या भाषांना लावून बघावीत. ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये 80 टक्के वाक्ये भाषांतरित झाली की ती भाषा पाठिंबा असलेल्यांच्या यादीत येते. 2009 च्या सुमारास बंगाली आणि मराठी दोन्ही त्या यादीत होत्या. बंगालीसाठी कोलकाता आणि ढाका या दोन्हीकडचे स्वयंसेवक ‘अंकुर’ गटातून राबले. भारतातली बंगाली आणि मराठी यांचे बरेचसे काम रेड हॅटच्या पुण्यातल्या पगारी भाषांतरकारांनीही केले. दोघांचेही ऋण मोठे आहे. पण टक्केवारीत हे काहीच दिसत नाही. 80 टक्के काम वीस जणांनी केले की दोघांनी, हौशीने झाले की नोकरीतून, हे कळल्याशिवाय पुढच्या आवृत्तीचे काय होणार ते सांगता येणार नाही. सॉफ्टवेअर सहा महिन्यांनी बदलते, नवी वाक्ये येतात, आणि करणारा दुसऱ्या कामाला लागला की आकडा खाली येऊ लागतो.

मापे नेमकी असूनही फसवू शकतात, हे मार्च 2024 मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ हे फायली दाबून लहान करणारे साधन वर्षानुवर्षे एकटा माणूस सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आले, दोनेक वर्षे चोख काम करून विश्वास मिळवला, सहसांभाळणारे झाले आणि त्यात चोरदरवाजा बसवला. त्या काळात प्रकल्पाचे आकडे सुधारतच होते: एकाचे दोघे झाले होते, काम वाढले होते. चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे शोधताना. म्हणून आकड्यांच्या जोडीला माणसांशी बोलणे आणि दुसऱ्या स्वतंत्र डोळ्यांनी ताळा घेणे मी अनिवार्य मानतो. महालनोबिस यांची दोन पथके इथे कामी येतात.

मुक्तस्रोत कामाची प्रत्येक नोंद कुणी केली आणि केव्हा केली यासह उघडी असते. ती वाचायला परवानगी लागत नाही. मराठी आणि बंगाली भाषांतर-गटांच्या वीस वर्षांच्या नोंदी अशाच पडून आहेत. कोलकात्यातल्या आणि पुण्यातल्या संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या वर्षीच्या प्रकल्पासाठी त्या घ्याव्यात, निम्मे काम किती जणांवर उभे होते ते काढावे आणि त्यांतले आज कोण उरले आहे ते छापावे.