आधी माल, मग खूण

हुपरीत चांदीचे पैंजण एका हातून घडत नाहीत. तार ओढणारा, कड्या जोडणारा, झळाळी देणारा वेगवेगळा. समजा, जोडणाऱ्याने ‘माल तयार’ ही खूण आधी केली आणि पैंजण मागाहून ठेवले, तर पुढचा कारागीर रिकामा डबा उचलेल.

प्रोसेसरचे गाभेही वेगासाठी अशी उलटापालट करतात. एक्स८६ प्रोसेसर मेमरीत केलेल्या दोन नोंदींचा क्रम सहसा पाळतो. मात्र नोंद रांगेत असतानाच पुढचे वाचन उरकतो. मोबाइलमधला आर्म प्रोसेसर नोंदींचा क्रमही बदलू शकतो. म्हणून एकीकडे चाललेला प्रोग्राम दुसरीकडे फसू शकतो.

उपाय मेमरी बॅरियरचा, म्हणजे क्रम राखणाऱ्या अडसराचा: लिहिणाऱ्याने खुणेआधी ‘रिलीज’ अडसर लावायचा, वाचणाऱ्याने खुणेनंतर ‘अक्वायर’. एकट्याचा अडसर पुरत नाही. २०११च्या सी++ मानकापासून हे भाषेतच सांगता येते. प्रोसेसरनुसार सूचना कंपायलर निवडतो.