एकच बाइट बदलायचा तर

अर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी चिपमध्ये १०२४ बाइटांची ईईप्रॉम स्मृती असते. वीज गेली तरी तिच्यातले आकडे टिकतात. आपण केलेल्या तापमापकाच्या जुळणीचा एखादा आकडा चुकला, तर सगळा प्रोग्रॅम पुन्हा भरायला नको. यूएसबी-एएसपीसारखा प्रोग्रॅमर जोडा आणि एव्हीआरड्यूड ‘टर्मिनल’ पद्धतीने सुरू करा. ‘डम्प’ने स्मृती वाचता येते, कोरा बाइट ‘एफएफ’, म्हणजे २५५, दिसतो. ‘राइट’पुढे स्मृतीचे नाव, पत्ता व नवा आकडा द्या. नव्या आवृत्त्यांत ‘फ्लश’ किंवा ‘क्विट’ म्हटल्यावर तो चिपमध्ये उतरतो. ‘इरेज’ मात्र टाळा. त्याने प्रोग्रॅम तर जातोच, शिवाय ‘ईसेव्ह’ फ्यूज लावलेला नसेल तर ईईप्रॉमही कोरी होते. मग पुन्हा बर्फ आणि उकळते पाणी घेऊन बसा!