परदेशवास, सेवा आणि काव्य : फादर स्टीफन्स यांचा वारसा

सांगवी व पिंपरी-चिंचवड परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांतून अनेक तरुण-तरुणी शिक्षण, नोकरी वा सेवाकार्यासाठी परदेशी जातात. त्यांच्यात कोणी चित्रकार असतो, कोणी गायक, कोणी लेखक. परदेशवास कलावंताला नेमके काय देतो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या मराठी साहित्याच्या इतिहासातच सापडते.

इंग्लंडमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले थॉमस स्टीफन्स रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बनहून प्रस्थान केले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले. काही दिवसांतच त्यांनी वडिलांना एक सविस्तर पत्र लिहिले. त्यात वादळे आहेत, उडणारे मासे आहेत, खलाशांचे आजार आहेत. ते एका चौकस प्रवाशाचे पत्र आहे. त्यात कवी अजून दिसत नाही.

पुढील सुमारे चाळीस वर्षे फादर स्टीफन्स यांनी मुख्यतः साष्टी प्रदेशातील धर्मग्रामांत सेवा केली. ते लोकांत राहिले, कोकणी व मराठी शिकले. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांचे ग्रीक व लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी नोंदवले.

नवख्रिस्ती लोकांची एक व्यथा त्यांना जाणवली. पोर्तुगीज सत्तेखाली जुनी पुराणे लोकांच्या हातून गेली होती आणि त्यांच्या जागी गाण्या-ऐकण्याजोगे काहीच नव्हते. ही पोकळी त्या सत्तेच्या कठोरपणाने निर्माण केली होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ती भरून काढण्यासाठी या परदेशी धर्मगुरूने संतकवींची ओवी स्वीकारली.

१६१६ साली राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात जुन्या कराराची कथा आहे, तर दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो आणि मराठी भाषेची मनमोकळी स्तुतीही येते. १६१९ साली फादर स्टीफन्स निवर्तले. भाविकांनी मात्र हस्तलिखितांतून हा ग्रंथ पिढ्यानपिढ्या जपला. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती पुण्यातून प्रसिद्ध झाली.

गोव्यातील आगमन आणि हे महाकाव्य यांत ३७ वर्षांचे अंतर आहे. प्रवासाने फादर स्टीफन्स यांना दृश्ये दिली. भाषा, श्रोते आणि लिहिण्याचे कारण मात्र त्यांना सेवेने दिले.

परदेशी जाणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. ज्यांची सेवा करायची त्यांची भाषा आधी शिकावी, त्यांची गाणी ऐकावी. जे येथेच राहतात त्यांनाही ही संधी आहे. आपल्या शेजारच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेले अनेक बांधव आहेत. त्यांच्या भाषेतील एखादे गीत शिकून सुरुवात करता येईल.