पटवून देणारा निबंध : मुक्ता साळवे यांचा धडा

निबंध लिहावयास सांगितला की विद्यार्थी प्रथम आकर्षक वाक्य शोधू लागतो. वस्तुतः वैचारिक निबंधाचा आरंभ तीन प्रश्नांनी व्हावयास हवा : माझे म्हणणे काय, ते कोणाला पटवायचे आहे आणि ते मान्य करण्यात त्याची अडचण कोणती?

या लेखनप्रकाराचा वस्तुपाठ आपल्या पुण्यातच घडला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. एका शाळकरी मुलीचे ते लेखन आजही वाचले जाते. याचे कारण त्यातील वेदनेइतकेच त्याच्या मांडणीतही आहे.

मुक्ताबाई प्रतिपक्षाचेच विधान हाती घेतात. वेद केवळ ब्राह्मणांचे, इतरांनी ते पाहूही नयेत, असे म्हटले जाते. तर मग ज्यांना धर्मग्रंथच नाही त्यांचा धर्म कोणता, असा त्यांचा प्रश्न आहे. विरोधकाने मान्य केलेल्या गोष्टीपासूनच निघाल्यामुळे तो टाळणे कठीण होते. पुढे त्या दुःखाची ठोस उदाहरणे देतात. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या स्त्रियांची अवस्था सांगतात. शेवटी आपल्याच बांधवांना विद्या घेण्याचे आवाहन करतात. विधान, पुरावा आणि आवाहन असा हा क्रम आहे.

प्रतिपक्षाला न्याय कसा द्यावा, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथावरून शिकावे. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, हा समर्थकांचा युक्तिवाद बाबासाहेब आधी नोंदवतात; मग ती श्रमिकांचीच विभागणी असल्याचे दाखवून देतात. पुढे १९३७ च्या आवृत्तीत त्यांनी गांधीजींचे आक्षेप आणि त्यांवरील आपले उत्तर, दोन्ही छापले. आक्षेप लपविला तर वाचक तो मनात धरून बसतो; मांडून उत्तर दिले तर त्याचा विश्वास वाढतो.

यावरून विद्यार्थ्यांनी पुढीलप्रमाणे आराखडा करावा. आपले म्हणणे एका वाक्यात लिहावे. त्याखाली तीन कारणे आणि प्रत्येक कारणासमोर एक पडताळलेला पुरावा नोंदवावा. सर्वांत बळकट आक्षेप प्रामाणिकपणे लिहून त्याचे उत्तर द्यावे. समारोपात वाचकाने काय करावे, ते स्पष्ट सांगावे. कच्चा मसुदा मोठ्याने वाचावा. जेथे ऐकणारा ‘कशावरून?’ असे विचारील, तेथे पुरावा अपुरा आहे असे समजावे.

हाच प्रश्न पालकांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलांना आपुलकीने विचारावा आणि त्यांचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे. मुक्ताबाईंच्या काळी शिकण्याचा हक्कच मागावा लागत होता. आज तो मिळालेल्या आपल्या मुलांनी आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडण्यास शिकलेच पाहिजे.