हयातीचा दाखला

आमच्या शेजारचे काका साखर कारखान्यातून निवृत्त झाले. दरमहा त्यांची पेन्शन बँकेत जमा होई. एका महिन्यात ती आलीच नाही. काकी म्हणाल्या, "आता औषध कशानं आणायचं?"

आम्ही चौकशी केली. काकांचा हयातीचा दाखला राहिला होता.

हा दाखला म्हणजे काय? पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे, याचा पुरावा. तो दर वर्षी द्यावा लागतो. सरकारी पेन्शनवाले तो नोव्हेंबरात देतात. भविष्यनिधीच्या पेन्शनला तो दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो.

काका म्हणाले, "मी गेलो होतो की! पण यंत्रावर बोट उमटेना."

असे होते. उतारवयात कातडी कोरडी पडते. कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. 2021 पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. आम्ही काकांना उजेडात बसवले. मोबाईलने चेहरा टिपला. दाखला झाला. अडकलेली पेन्शनही मिळाली.

चालवत नसेल, तर पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. त्याची थोडी फी पडू शकते.

आधार कार्ड, पासबुक आणि पेन्शनचा नंबर एका जागी ठेवावा. दाखल्याची तारीख वहीत लिहावी. आता आपल्याला लिहिता येते ना?

आणखी एक. पतीच्या मागे पत्नीलाही पेन्शन मिळते. म्हणून हे कागद कुठे आहेत, ते काकींनाही ठाऊक हवे.