कर्बाचा साठा मोजतात कसा?

माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब ०.५० टक्के' असा आकडा असतो. त्यापुढचा 'मध्यम' हा शेरा पाहून बहुतेक शेतकरी बंधू पत्रिका घडी घालून ठेवून देतात. परंतु अलीकडे 'जमिनीत कर्ब साठवा आणि पैसे मिळवा' असे सांगणारी माणसे गावोगाव करारनामे घेऊन येऊ लागली आहेत. तेव्हा हा साठा मोजतात कसा, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

हिशेब सोपा आहे. एक हेक्टर क्षेत्रातील ३० सें.मी. खोलीपर्यंतची माती म्हणजे ३,००० घनमीटर. मातीची घनता १.३ धरली, म्हणजे एका घनमीटरात कोरडी माती १.३ टन मानली, तर तिचे वजन ३,९०० टन भरते. त्याचे अर्धा टक्का म्हणजे साडेएकोणीस टन कर्ब. हा कर्ब हवेत गेला तर त्याचा कर्बवायू होतो तो ३.६७ पट, म्हणजे ७१ टनांहून अधिक!

देशाच्या वनांचा असाच हिशेब डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारणपणे दर दोन वर्षांनी मांडते. जमिनीवरचे झाड, जमिनीखालच्या मुळ्या, वाळलेले लाकूड, पालापाचोळा आणि माती असे पाच साठे त्यात धरतात. उपग्रहाच्या चित्रावरून झाडी कोठे व किती दाट आहे ते समजते, वजन मात्र समजत नाही. त्यासाठी पथके ठरावीक तुकड्यांत जाऊन छातीच्या उंचीवर, १.३७ मीटरवर, खोडाची जाडी मोजतात आणि मातीचे नमुने काढतात. कोरड्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो. २०२३ च्या अहवालात वनांतील एकूण साठा ७२८ कोटी टनांवर दिला आहे. त्यातील निम्म्याहून अधिक कर्ब झाडांत नसून मातीत आहे, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. बांधावरच्या आंब्याबाभळींची नोंद वनाबाहेरील वृक्ष म्हणून वेगळी होते.

शेतजमिनीत मात्र अडचणी आहेत. आपली काळी जमीन ओली असता फुगते व वाळली की भेगाळते, त्यामुळे घनता ऋतूप्रमाणे बदलते. नांगरट झाल्यावर माती भुसभुशीत होते, म्हणजे तेवढ्याच खोलीत माती कमी भरते आणि कर्ब घटल्यासारखा दिसतो. चुनखडीच्या जमिनीत आणखी एक घोटाळा होतो. चुनखडीतही कर्ब असतो, पण तो सेंद्रिय नव्हे. माती भट्टीत जाळून मोजणाऱ्या यंत्राने तो वेगळा केला नाही तर आकडा फुगतो. प्रयोगशाळेतील नेहमीची वॉकले-ब्लॅक पद्धत (१९३४) चुनखडी मोजत नाही, परंतु तिच्यात सरासरीने सुमारे तीन चतुर्थांशच सेंद्रिय कर्ब सापडतो. म्हणून उत्तराला १.३ ने गुणतात. दोन प्रयोगशाळांपैकी एकीने गुणले आणि दुसरीने नाही, तर वाढ शेतात न होता कागदावरच होते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाढ फार सावकाश होते. कर्ब ०.१ टक्क्याने वाढणे म्हणजे हेक्टरी ३.९ टनांची भर. एवढा फरक तर एकाच शेताच्या दोन कोपऱ्यांतही सहज आढळतो. पाचट न जाळता कुजविले, शेणखत घातले, हिरवळीचे खत गाडले, तरी एका वर्षात फरक ओळखता येईलच असे नाही. चार-पाच वर्षांनी, त्याच जागी, त्याच हंगामात, खत घालण्यापूर्वी पुन्हा नमुने काढावेत. खतांच्या शिफारशीसाठी आपण नमुना साधारण २० सें.मी. खोलीचा घेतो. येथे ३० सें.मी. घ्यावा, आणि ठरावीक आकाराची लोखंडी नळी ठोकून घनतेसाठी वेगळा नमुना काढावा.

करार पुढे आला तर चार गोष्टी विचाराव्यात. खोली किती? घनता प्रत्यक्ष मोजणार की पुस्तकातून घेणार? हेक्टरी नमुने किती? चुनखडी वेगळी करणार का? उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नये.